पत्र्याच्या घरातली डाक

जेबा लातूरच्या एका कोचिंग संस्थेत कॉम्प्युटर सांभाळायची. प्रिंटर अडकला की जेबा, उंदरानं वायर कुरतडली की जेबा, कुणाचा पासवर्ड हरवला की पुन्हा जेबाच. पण दिवसातलं तिचं आवडीचं काम वेगळंच होतं. अकरा वाजता ती मुलांनी ईमेलनं पाठवलेल्या शंका कागदावर छापून घ्यायची, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायची आणि सायकल स्टँडशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या धोंडप्पा सरांच्या हातात तो गठ्ठा ठेवायची.

"आज किती गं?"

"एकोणीस, सर."

"लई झाले. पोरं अभ्यास करून राहिलीत म्हणायची."

सर फिजिक्सचे. गठ्ठा मांडीवर घेऊन प्रत्येक कागदाखाली पेन्सिलीनं उत्तर लिहायचे. चार वाजता जेबा तो वर न्यायची आणि टाइप करून मुलांना पाठवायची. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी सहज उमटत नसे, म्हणून मुलंही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि जेबाही. सरांच्या आकृत्या मात्र तिनं मोठ्या हिकमतीनं जमवल्या होत्या. कीबोर्डवरच्याच खुणांतून तिरक्या रेघेची उतरण, शून्याचा दगड, आडव्या रेघांची जमीन.

सर वर का येत नाहीत, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते औसा तालुक्यातल्या एका गावी मास्तर होते. त्या पहाटे माळवदाच्या मातीखालून त्यांनी आपल्या आईला काढलं, शेजारच्या घरातून दोन विद्यार्थ्यांना काढलं. तिघांतलं कुणीच उरलं नव्हतं. तेव्हापासून सर पत्र्याशिवाय दुसऱ्या छपराखाली बसले नाहीत. रेणापूरला घर बांधलं तेही पत्र्याचं. बँकेतला माणूस फॉर्म बाहेर आणून त्यांची सही घ्यायचा. संस्थेत नवी आलेली मंडळी थोडे दिवस हसायची, मग त्यांचं हसू आपोआप थांबायचं.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये संस्थेनं नांदेडची आणि उदगीरची अशा दोन कोचिंग संस्था आपल्यात घेतल्या. कोचिंगचं पीक असं जोमात आलं होतं की लातुरात खोली भाड्यानं मिळणं मुश्कील झालं होतं. वर्ग अपुरे पडू लागले. एके दिवशी संचालक अश्वजित सरांनी जेबाला बोलावून घेतलं.

"मॅडम, सायकल स्टँड आणि शेड पाडायचं ठरलंय. तिथं चार मजली इमारत उभी राहणार. दिवाळीनंतर काम सुरू."

"मग धोंडप्पा सर कुठं बसतील?"

अश्वजित सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. माणूस वाईट नव्हता. वडिलांनी आयुष्यभर सरकारी नोकरीत फायली वाहिल्या, मुलानं शून्यातून संस्था उभी केली, त्यामुळं अडचण दिसली की तो आधी हिशोबानं बोलायचा. "मी त्यांना तळमजल्यावर खोली देऊ केली. नाही म्हणाले. शंकांसाठी दुसरा माणूस बघावा लागेल."

"मला एक महिना द्या, सर," जेबा म्हणाली. "त्यांना इथं यायचीच गरज पडणार नाही असं करते."

बोलताना ते सोपं वाटलं होतं. खरी गोम अशी होती की लातूर, नांदेड आणि उदगीर या तिन्ही ठिकाणचे मेल सर्व्हर वेगवेगळे होते, वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी बसवलेले. नांदेडची डाक नांदेडच्या ऑफिसात बसूनच वाचता यायची, उदगीरची उदगीरला. जेबानं एक जुना कॉम्प्युटर झाडूनपुसून घेतला आणि त्यावर वेबमेलचं एकच पान उभं केलं. बाहेरून कुणीही, सायबर कॅफेतून असो की घरच्या फोनच्या तारेवरून, पत्ता टाकला की ते पान उघडणार. नाव आणि पासवर्ड घालताच त्या माणसाची डाक कोणत्या सर्व्हरवर आहे ते पानच शोधणार आणि तिथून आणून समोर ठेवणार. धोंडप्पा सरांसाठी तर तिन्ही गावच्या शंका एकाच यादीत दिसणार होत्या.

"आणि बाहेरून कुणी प्रश्नपत्रिका वाचल्या म्हणजे?" अश्वजित सरांनी विचारलं.

"त्यांची पेटी मी या पानाला जोडलेलीच नाही. बाकीची डाक कुलूपबंद येते-जाते, मधे कुणाला वाचता येत नाही."

त्यांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा समजावलं. मग त्यांनी मान हलवली.

ऑक्टोबरच्या एका रविवारी जेबाचा नवरा शारिक आपल्या टेम्पोतून संस्थेचा एक जुना कॉम्प्युटर रेणापूरला घेऊन गेला. सरांच्या पत्नी रत्नम्मांनी त्याच्यासाठी देवघराशेजारचं टेबल रिकामं केलं आणि वर धुतलेलं फडकं अंथरलं. जेबानं फोनची तार जोडली. मोडेम शिट्ट्या मारत, खाकरत एकदाचा लागला. सरांनी एका बोटानं आपलं नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला आणि पडद्यापासून थोडं मागं सरकून बसले.

पान सावकाश उघडलं. लातूरच्या चौदा शंका आल्या, उदगीरच्या पाच आल्या. नांदेडच्या नावापुढं शून्य.

"नांदेडला काई अडत न्हाई वाटतं पोरांना," सर म्हणाले.

जेबाला ते पटलं नाही. जूनपासून नांदेडच्या प्रत्येक मुलाला शंकांचा पत्ता छापून दिलेला होता. तिनं सेटिंग तपासलं. नांदेडचा सर्व्हर बाहेरच्या कुणाला ओळखच देत नव्हता. तो आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांशीच बोलायचा, आणि ती अट काढायला त्याचा मुख्य पासवर्ड हवा होता. तो नांदेडच्या शाखेत कुणालाच माहीत नव्हता.

मंगळवारी ती एसटीनं नांदेडला गेली. माहेर तिथंच, इतवाऱ्यात. वडील गुलाम रसूल पुस्तकांच्या जिल्द बांधायचे. त्यांनीच सांगितलं, "वो सर्व्हर अजहर ने बिठाया था. अब वजिराबाद में मोबाइल सुधारता है."

अजहर दुकानात एका फोनचं पोट उघडून बसला होता. जेबाचं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"बाजी, दो साल हो गए. पासवर्ड तो भूल गया मैं."

"लिहून ठेवलं नव्हतंस?"

"नहीं." तो हसला. "पर उँगलियों को याद होगा. चलो."

शाखेत येऊन तो त्याच जुन्या कीबोर्डसमोर बसला, डोळे मिटले आणि बोटं सोडून दिली. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. शाखेतली चार माणसं मागं श्वास रोखून उभी होती. "हटो जरा, सब सर पे खड़े हो तो उँगलियाँ शरमातीं," तो म्हणाला. सगळे दोन पावलं मागं सरकले. तिसऱ्यांदा सर्व्हर उघडला.

जेबानं अट बदलली, पासवर्ड नवा करून कागदावर लिहिला, आणि तो कागद पाकिटात घालून शाखाप्रमुखाच्या कपाटात ठेवायला लावला. मग तिथूनच रेणापूरला फोन केला.

"सर, आता उघडा बरं."

पलीकडं बराच वेळ मोडेमचा आवाज नाही, बोलणं नाही. एकच तार असल्यामुळं फोन ठेवल्याशिवाय इंटरनेट लागायचं नाही, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. पाऊण तासानं सरांचाच फोन आला.

"जेबा, बासष्ट हायेत. जूनपासूनच्या. एकालाबी उत्तर गेलेलं न्हाई. तिथं ती पेटी कुणी उघडलीच न्हाई."

त्या बासष्टांत सात पत्रं एकाच मुलीची होती. बुद्धप्रिया, गाव इस्लापूर. नांदेडला मावशीकडं राहून शिकत होती आणि सायबर कॅफेतून लिहायची. पहिल्या पत्रात नमस्कार होता, तिसऱ्यात थोडा राग होता. सातवं सरांनी जेबाला फोनवर वाचून दाखवलं. "सर, माझी पत्रं तुम्हाला मिळत नसतील असं वाटतं. तरी मी लिहिणार आहे. शंका नीट लिहायला बसलं की अर्धी चूक मलाच सापडते."

"ही पोरगी माझ्याशिवायबी शिकून राहिली," सर म्हणाले.

सरांनी नऊ दिवसांत बासष्ट उत्तरं लिहिली. एका बोटानं. आकृत्या आता तेच काढायचे, आणि त्यांचा दगड जेबाच्या दगडाहून मोठा असायचा, कारण ते कॅपिटल ओ वापरायचे. बुद्धप्रियाला त्यांनी सातही पत्रांची उत्तरं तारखेनुसार वेगवेगळी दिली. पहिल्यात लिहिलं, "उशीर झाला, यात तुझा दोष नाही आणि माझाही नाही. तारेचा होता. तुझी चूक चौथ्या ओळीत आहे. तीच चूक मी कॉलेजात दोन वर्षं करत होतो."

दिवाळीनंतर शेड पाडलं. सर आदल्या दिवशी येऊन आपली खुर्ची घेऊन गेले. लातूरला येणं थांबलं, पण शंका पूर्वीपेक्षा जास्त सुटू लागल्या, कारण सर आता सकाळची पूजा झाली की बसायचे ते रत्नम्मा ताट वाढून ओरडेपर्यंत. अश्वजित सरांनी हळूहळू इतर शिक्षकांनाही ते पान उघडून दिलं. परगावी लग्नाला गेलेला माणूस तिथून डाक बघू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात जेबाला दिवस गेले. बाळंतपणाला माहेरी जायचं म्हणून ती रजेचा अर्ज घेऊन गेली, तेव्हा अश्वजित सरांनी तो वाचून बाजूला ठेवला. याआधी संस्थेतून जी बाई माहेरी गेली ती पुन्हा कामावर आली नव्हती.

"तुमच्या जागी कुणाला घेऊ, मॅडम?"

"कशाला घेता?" जेबा म्हणाली. "तिन्ही सर्व्हर मला नांदेडहून दिसतात. आराम झाला की रोज दोन तास बघत जाईन. नाही जमलं तर मीच सांगेन."

ते मोठ्यानं हसले. "हे आधीच ठरवून ठेवलं होतं का?"

"नाही हो. ते सरांसाठी होतं."

जानेवारीत जेबाला मुलगी झाली. रत्नम्मांनी शारिकच्या टेम्पोतून डिंकाचे लाडू पाठवले, सरांनी ईमेल पाठवला. त्यात एकच वाक्य होतं आणि त्याखाली शून्यांनी, रेघांनी काढलेला पाळणा. जेबानं तो वडिलांना दाखवला. गुलाम रसूलांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि त्याची प्रिंट मागून घेतली.

आठवड्याभरानं दारात एक उंच, सावळी मुलगी येऊन उभी राहिली. हातात बाळासाठी विणलेली टोपी.

"मी बुद्धप्रिया. सरांनी तुमचा पत्ता दिला. म्हणाले, नांदेडला आहेस तर जाऊन बघून ये आणि मला कळव."

जेबानं तिला जवळ बसवून घेतलं. बाळाला बघून झालं, चहा झाला, बारावीच्या परीक्षेचं बोलणं झालं. तिला फिजिक्सच शिकायचं होतं, डॉक्टर व्हायचं नव्हतं, आणि हे घरी अजून सांगितलेलं नव्हतं. उठता उठता ती थांबली.

"मॅडम, एक विचारू? सर दिसतात कसे?"

जेबा सांगायला गेली आणि अडली. उंच की बुटके? आजवर तिनं त्यांना बहुतेक बसलेलंच पाहिलं होतं, मांडीवर कागद घेऊन, मान खाली. दिसतात कसे ते तिला नीट सांगता येईना. मग ती त्यांच्या कानामागच्या पेन्सिलीबद्दल बोलली, गणित बरोबर आलं की ते स्वतःशीच "हाव" म्हणतात त्याबद्दल बोलली, रत्नम्मांना ते कसे घाबरतात तेही सांगितलं. बुद्धप्रिया पुन्हा खाली बसली आणि ऐकत राहिली.

"माझे चाळीस दिवस होऊ दे," जेबा म्हणाली. "तुझी परीक्षा संपू दे. मग आपण दोघी रेणापूरला जाऊ. बाळालाबी नेऊ."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या गेल्या.