रेषा माझी, घड्याळ त्यांचं

आमच्या यॉर्कशरच्या हौशी रग्बी लीगमध्ये पंच बाहेरून येतो. बाजूच्या रेषांवर झेंडा घेऊन धावायला मात्र प्रत्येक क्लब आपापला माणूस देतो. आमच्यात गुडघे शाबूत असलेला मीच, म्हणून झेंडा माझ्याकडे. त्या दिवशीचा सामना हरलो तर आम्ही खालच्या गटात.

पंच हेडली पहिल्यापासूनच मला खटकले. आमच्या बाजूचे निर्णय मैदानाच्या मध्यावर, जिथे ते कोणाच्याही कामाचे नसतात. समोरच्या संघाच्या बाजूचे नेमके आमच्या गोलखांबांपुढे. शिवाय त्यांचा माणूस पडला की पंच घड्याळ थांबवत. आमचा पडला की त्याला उठायला सांगत.

"मिनिटं खातोय मेला," रेषेलगतच्या चहाच्या टपरीतून विनी म्हणाली. केक भाजताना लावायचं घड्याळ तिनं माझ्या हातात कोंबलं. "घे, तूच मोज."

मोजलं. अठरा-सोळा असे आम्ही पुढे होतो आणि विनीच्या घड्याळानुसार सामना संपून पंचेचाळीस सेकंद झाले होते. पंच शिट्टी वाजवेनात. मी एकदा घड्याळाकडे, एकदा त्यांच्या मनगटाकडे बघत पळत होतो.

मान वर केली तेव्हा त्यांचा कडेनं पळणारा विंगर माझ्या अंगावरून जाऊन कोपऱ्यात चेंडू टेकवून उठत होता.

"पाय बाहेर होता," आमचा गाव म्हणाला.

"तुमच्या चष्म्याबाहेर," त्यांचा म्हणाला.

हेडली धापा टाकत आले. "मी मागे पडलो होतो. रेषा तुमची. पाय पडला का रेषेवर?"

तासभर मी त्या माणसाला चोर ठरवत होतो आणि तो माझ्या शब्दावर सामना सोडायला निघाला होता. झेंडा वर करायचा, की गट वाचला. पण मी काहीच पाहिलं नव्हतं आणि झेंड्यात 'माहीत नाही' अशी सोय नसते. हात उचललाच नाही.

त्यांनी ट्राय दिला, म्हणजे चार गुण, मग शिट्टी वाजवली. अठरा-वीस.

विनीनं माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं, पुसलं आणि विचारलं,

"तुझी बायको मूळची त्यांच्याच गावची ना रे?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली. आजवर हे कोणी विचारलं नव्हतं.