वरच्या फरकाचा हक्क

“मावशी, आज विका. उद्यापासून विकताच येणार नाही,” पेढीतला कारकून मो म्हणाला.

शेअरदलालाच्या त्या पेढीत भिंतीवरच्या भावांच्या पडद्यापुढे नेहमीची म्हातारी मंडळी बसली होती. हान त्यांच्यात नवी. दुपारच्या सुट्टीत चहाघरातून ती तशीच आली होती, अंगावर खाण्याची गाडी ढकलताना घालायचा एप्रन, हाताला वाफेचा आणि कोळंबीचा वास.

“अरे, पण बँक तर सकाळपासून चढतेय की!”

“बँक चढतेय. तुमचं वॉरंट नाही.” मो खुर्ची सरकवून जवळ आला. “तुमच्याकडे बँकेचा शेअर नाहीये, मावशी. शेवटच्या पाच दिवसांची सरासरी शंभर डॉलरच्या वर गेली, तर वरचा फरक तुमचा. तुम्ही त्या फरकाचा हक्क घेतलाय. शंभराच्या आत राहिली तर काही नाही. आज भाव त्र्याण्णव. एवढ्यात सात डॉलर कोण चढवणार?”

“आज नाही चढली तर महिन्याने चढेल. मी थांबेन.”

“तुम्ही थांबाल हो, ते थांबणार नाही! तुमच्या गाडीवरच्या कोळंबीच्या उकडलेल्या पुरचुंड्यांसारखं आहे हे. बँक जागची हलली नाही तरी रोज थोडी वाफ जाते. आता कोमट आहे तोवर काढा. चोईकडे काकांच्या अस्थी ठेवल्यात, त्यांचं दोन-तीन वर्षांचं भाडं तरी सुटेल.”

“गार पुरचुंडी मी आजवर एका गिऱ्हाइकाला दिली नाही,” हान फणकारली. “मला मात्र तू दिलीस.”

“मी दिली? नंबर कोणी निवडला?”

नंबर हाननेच निवडला होता. मोने त्याच बँकेची तीन वॉरंटं दाखवली होती. लांब मुदतीचं महाग होतं. हिने उचललं ते सगळ्यांत स्वस्त, नंबराच्या शेवटी ओळीने तीन आठ आणि कुठेही चार नाही. आठ म्हणजे भरभराट आणि चार म्हणजे मरण, हे नॉर्थ पॉइंटच्या वस्तीत पोरासोरांनाही कळतं. मुदत संपायची तारीख मात्र तिने विचारली नव्हती. मोने सांगितली असेलही, पण तेव्हा तिचं लक्ष आठांवर होतं.

तिचा नवरा काम-शिंग जन्मभर ट्राम चालवत होता. बोनस हातात पडला की तो बंदरावरच्या त्या बँकेचे शेअर घ्यायचा. “विकलं नाही तर तोटा नाही,” असं म्हणून स्वतःवरच खूश व्हायचा, आणि बँकेच्या बाबतीत ते खरंही ठरत गेलं. त्याच्या आजारपणात ते सगळे शेअर विकावे लागले. गेल्या शरदात तो गेला. तेव्हापासून त्याच्या अस्थी चोईच्या शवपेट्यांच्या दुकानात मागच्या फळीवर होत्या, दरमहा भाड्याने. अस्थी ठेवायच्या सरकारी कोनाड्यासाठी वर्षानुवर्षांची रांग. टेकडीवरच्या खाजगी देवळात समुद्राकडे तोंड केलेला एक कोनाडा होता आणि मालक छिंगमिंगपर्यंत, पितरांच्या दिवसापर्यंत, थांबायला कबूल होता. हानजवळ निम्मेच पैसे होते. ते दुप्पट करायला नवऱ्याच्या बँकेवाचून तिला दुसरं काय सुचणार?

“नाही विकत,” ती म्हणाली आणि एप्रन सारखा करून निघून गेली.

आणि मग बँक खरोखरच चढू लागली. पंच्याण्णव झाली, शहाण्णव झाली. चहाघरात हानची गाडी झपाझप फिरू लागली. पेढीतल्या म्हाताऱ्यांनी तिला पुढची खुर्ची दिली.

“काय हानताई, नवऱ्याची बँक पावली म्हणायची!”

“पेढीला पुरचुंड्या खाऊ घाला आता!”

हान लाजून हसली. मोने मान वर केली नाही. सरासरी किती झाली हे तिला विचारावंसं वाटलं, पण विचारायची भीती वाटली. पाचव्या दिवशी भाव अठ्ठ्याण्णवावर थांबला, तेव्हा टाळ्या वाजल्या. हान मात्र शंभराला किती कमी ते बोटांवर मोजत होती.

दुसऱ्या आठवड्यात मोच्या संगणकावर तिच्या नावापुढे ती ओळच नव्हती.

“कुठे गेलं रे?”

“संपलं, मावशी.”

“म्हणजे काहीतरी मिळत असेल ना? निदान एखादा कागद? तीन आठ होते त्यात.”

मोने तिच्यासाठी चहा मागवला. तिने तो घेतला नाही. सुट्टी संपत आली होती.

छिंगमिंगच्या सकाळी सगळं शहर फुलं आणि भाजलेलं डुक्कर घेऊन टेकड्यांकडे निघालं. हान उलट्या दिशेने चोईच्या दुकानात गेली.

“आजही इथेच का, वहिनी?” म्हाताऱ्या चोईने विचारलं.

“राहू देत अजून थोडे दिवस. भाडं आणलंय.”

त्याने दोन शवपेट्या बाजूला सरकवून वाट करून दिली. उदबत्तीला तिथे परवानगी नव्हती आणि ताट ठेवायला जागा नव्हती. हानने पिशवीतून बांबूची टोपली काढली. पहिल्या घाण्यातल्या पुरचुंड्या होत्या, रस्ताभर तिने त्या छातीशी धरून आणल्या होत्या. तिने झाकण उघडलं आणि टोपली फळीपर्यंत उंच धरली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “काल तुमच्या बँकेने शंभरी ओलांडली.”

तिचे हात भरून आले. वाफ निघून जाईपर्यंत तिने टोपली खाली घेतली नाही.