नऊ परत आलेली कार्डं

मासातो कुठलंही काम पुरतं बघत नाही, ही त्याच्या आईची, त्सुनेकोची, जुनी तक्रार. शेगडीवर मासा ठेवला की उलटायला यायचा नाही, आणि करपला की दोष शेगडीला.

तिचा नवरा योशिहारू जुलैत गेला. जपानात दुखवट्याच्या घरातून नववर्षाची कार्डं जात नाहीत. ‘यंदा आमच्याकडे सुतक आहे’ असं करड्या शाईचं कार्ड डिसेंबर लागताच सगळ्यांकडे पोचलेलं बरं. त्सुनेको म्हणाली, हाताने लिहू. तिची शाळा सहावीत सुटलेली, पण नवऱ्याच्या वहीतले पत्ते तिला तोंडपाठ होते. मासातोने वहीच काढून घेतली. म्हणाला, संगणकात तक्ता केला की एकशे सोळा पत्ते दुपारभरात छापून होतात. तुझं अक्षर लावता लावता पोस्टमन म्हातारा व्हायचा.

त्याने गावाचा रकाना वेगळा केला, घराच्या आकड्यांचा वेगळा. आकडे मधे रेघा देऊन लिहायचे. ४-१२-३ टाकलं, आणि संगणकाला ती वर्ष-महिना-दिवस अशी तारीख वाटली. कार्डावर गावाच्या नावाखाली छापून आलं, ३ डिसेंबर २००४. मासातोने गठ्ठा न बघता तसाच टपालपेटीत टाकला. बरीचशी कार्डं ओळखीच्या पोस्टमननी नावावरून पोचवली. नऊ परत आली. ती त्याने आईला न सांगता खणात सारली. नववर्षाची सुट्टी संपल्यावर बघू.

तीन जानेवारीला दारात कुवाबारा उभे. योशिहारूचे गिरणीतले सोबती. सेहेचाळीस वर्षांत एकमेकांचं नववर्षाचं कार्ड कधी चुकलं नव्हतं. यंदा आलं नाही, म्हणजे गडी आजारी असणार, असं धरून ते दुखऱ्या गुडघ्याने दोन गाड्या बदलून आले होते. हातात वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ.

“वहिनी, अंथरुणात आहे का तो? की मी दिसलो म्हणून झोपेचं सोंग घेतलंय?”

त्सुनेकोने माळ हातात घेतली आणि सांगितलं. बूट काढता काढता कुवाबारा तिथेच पायरीवर बसले.

“जुलैत?” ते म्हणाले. “मी तर त्याच्यावर रुसून बसलो होतो, वहिनी. जूनमधल्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून.”

मग ते आत गेले आणि त्यांनी तसबिरीपुढे उदबत्ती लावली.

ते गेल्यावर तिने मासातोला विचारलं, यांना कार्ड कसं नाही मिळालं. त्याने खण उघडला. संगणकाला ती तारीख वाटली, असं पुटपुटला.

त्सुनेकोने नऊच्या नऊ कार्डं वाचली. कुवाबारांचं बाजूला ठेवलं.

“संगणक काही तुझ्या बापाला ओळखत नव्हता,” ती म्हणाली. “तू ओळखत होतास. ही परत आली तेव्हा तुला कळलं होतं, की नऊ घरांत तो अजून जिवंत आहे. तरी तू खण लावून घेतलास. आता उरलेल्या आठ घरी तू स्वतः जायचं, मासातो. टपालाने नाही, फोनवर नाही. दारात उभं राहायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि सांगायचं. आज मी सांगितलं तसं.”