स्तामेनचा वॉल्ट्झ आणि नापास मास्तर

दोब्रिन स्वतःला फार पूर्वीपासून सर्वांना सामावून घेणारा शिक्षक समजत असे. पुरावा एकच होता, पण भक्कम. चार वर्षांपूर्वी त्यानं फळ्यावर स्वरलिपी हातभर मोठी काढली होती. मागच्या बाकावरच्या मुलीला कमी दिसायचं, तिला ती जागेवरून वाचता आली. तिच्या आईनं दुसऱ्या दिवशी चेरीच्या मुरंब्याची बरणी आणून दिली आणि डोळे पुसले. त्या दिवशी दोब्रिन चष्मा घरी विसरला होता, एवढाच तपशील त्यानं गाळला. मुरंबा गाळला नाही.

त्यामुळे व्हिदिन गावच्या संगीतशाळेत दृष्टिहीन विद्यार्थ्यांना शिकवण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, तेव्हा तो आपल्या सत्काराला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. एकूण चौदा शिक्षक. शिकवायला राजधानी सोफियाहून स्नेझिना मॅडम आल्या होत्या, आणि सराव करण्यासाठी, म्हणजे ज्यांच्यावर शिक्षकांनी हात साफ करायचा त्या, त्सोन्का मावशी. वय सदुसष्ट, जन्मापासून अंध. चाळीस वर्षं गावातले पियानो सुरात लावले आणि आता निवृत्त. त्या पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"चित्र दाखवलं तर ते शब्दांत सांगा. कोणालाही वगळू नका," स्नेझिना मॅडम म्हणाल्या आणि पडद्यावर पुढचं चित्र आणलं. "आता इथे तुम्हाला दिसतंच आहे."

"हो हो," त्सोन्का मावशी म्हणाल्या. "रंग छान आहेत."

मग मॅडमनी ब्रेलची पाटी आणि टोचा वाटला. सहा ठिपक्यांचं खोकं, त्यातले कोणते ठिपके उठवले यावरून स्वर कोणता आणि किती लांबीचा ते कळतं. "कागदाच्या पाठीवर टोचायचं, ठिपका पुढच्या बाजूला उठतो. म्हणून एक, उजवीकडून डावीकडे लिहायचं. आणि दोन, प्रत्येक आकृतीसुद्धा आरशातल्यासारखी उलटी काढायची. दोन गोष्टी आहेत. दोन!"

दोब्रिननं पहिली वहीत लिहून घेतली. दुसरीच्या वेळी कॉफी आली.

दुपारी प्रत्येकानं त्सोन्का मावशींना आळीपाळीनं शिकवायचं होतं. दोब्रिननं त्यांचं बोट धरून ठिपक्यांवर ठेवलं आणि ज्या आवाजात पशुवैद्य गायीशी बोलतो त्या आवाजात सुरुवात केली. "हा सा. घाबरायचं नाही. आणि हा रे."

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. "म्हणजे हे वेगळं लागतंय, नाही का?"

चाळीस मिनिटांत त्या आठ घरांची, म्हणजे आठ आवर्तनांची चाल वाचायला लागल्या. दोब्रिनला घाम फुटला, पण तो प्रतिभेचा. असं उदाहरण जगात आहे का, हे तपासायला हवं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. बाहेर जिन्यात तालवाद्यं शिकवणारा ग्रोझदान चीज भरलेली खुसखुशीत बनित्सा खात उभा होता.

"चाळीस मिनिटं," दोब्रिन शक्य तितक्या साधेपणानं म्हणाला. "शून्यातून."

"चाळीस?" ग्रोझदाननं मिशीवरचं चीज पुसलं. "माझ्याकडे पस्तिसात शिकल्या. तुझ्या आधी."

दोब्रिनला हे पचायला तीन मजले उतरावे लागले. मग तो तीन मजले परत चढला आणि थेट मावशींसमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला आधीपासून येतं."

"आठव्या वर्षापासून," मावशी म्हणाल्या. "शाळेत अंगठ्यावर पट्टी बसायची चुकलं की."

"मग मला मूर्ख का बनवलंत?"

"मी कुठे बनवलं, मास्तर? तू आलास तोच तसा. हे माझं चौथं प्रशिक्षण. पहिल्या वेळी खरं सांगितलं, तर एक मास्तर रुसला, जेवलाच नाही. तेव्हापासून मी काही येत नाही म्हणते. सगळे खूश होतात. पन्नासेक शिक्षक पास केले मी. त्यातला फसवलं म्हणून भांडायला परत आलेला तू पहिला." त्यांनी बाजूच्या खुर्चीवर थोपटलं. "बस. तुझ्याकडे काम आहे."

काम एका जुन्या पाकिटात होतं. त्यांचा नवरा स्तामेन गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. जायच्या आधीच्या वसंतात त्यानं बायकोसाठी अ‍ॅकॉर्डियनचा एक वॉल्ट्झ, तीन-तीन मात्रांवर नाचायची चाल, रचला आणि शाईनं कागदावर उतरवला. त्याला अ‍ॅकॉर्डियन येत नव्हतं, हिला शाई वाचता येत नव्हती. 'कोणाकडून तरी ठिपक्यांत करून घेऊ' म्हणाला, आणि राहिलं. त्याला अकरा वर्षं झाली.

"एवढंच ना?" दोब्रिननं कागद उघडला. एकेरी चाल, बत्तीस घरं. "आत्ता वाजवून दाखवतो. ऐका आणि—"

"मिट तो कागद!" मावशींचा आवाज पियानोची तार तुटल्यासारखा आला. "वाजवणारे गावात शंभर आहेत रे. नवऱ्याचं पत्र शेजाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतं का कोणी? मला माझ्या बोटानं वाचायचंय. कुठे अडला, कुठे घाई केली, सगळं. प्रत्येक प्रशिक्षणात एकेकाला विचारलं. प्रमाणपत्र भिंतीवर गेलं की ठिपके डोक्यातून जातात सगळ्यांच्या. तू लिहून दे. आणि लिहिताना गुणगुणायचं नाही."

दोब्रिनचे डोळे भरून आले. त्यातले निम्मे अश्रू मावशींसाठी होते. उरलेले, शेवटच्या दिवशी प्रत्येकानं स्वतः टोचलेलं एक पान परीक्षेला द्यायचं असतं हे आठवून आले होते. बाकीचे बडबडगीतं देणार. तो हे देणार. स्नेझिना मॅडम सोफियाला जाऊन काय सांगतील, तेही त्यानं मॅडमच्या वतीनं मनात तयार करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसला. गुणगुणायचं नाही म्हणून त्यानं दातांत बुचाचा तुकडा धरला. उजवीकडून डावीकडे. टक, टक, टक.

"चपला शिवतोयस का?" आईनं विचारलं.

बूच असल्यामुळे त्याला थोरपणानं फक्त मान हलवता आली. संध्याकाळपर्यंत बत्तीस घरं झाली. कागद पालटून त्यानं त्यावरून बोट फिरवलं. काही कळलं नाही, पण फार सुंदर लागलं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. मावशी एकेक पान वाचायच्या, अ‍ॅकॉर्डियनवर वाजवायच्या आणि "बरोबर" म्हणायच्या. ग्रोझदानचं बडबडगीत एका चुकीसह पास झालं. मग दोब्रिन उठला. त्यानं स्तामेनची, पाकिटाची आणि अकरा वर्षांची गोष्ट सगळ्यांना सांगितली. आवाज दोनदा कापवला. दुसऱ्यांदा तो आपोआप कापला.

मावशींचा चेहरा बदलला. दोब्रिननं त्याला भावना असं नाव दिलं.

"मूळ कागद?" मॅडमनी विचारलं.

"खासगी आहे," दोब्रिन म्हणाला. सगळं गावभर करून झाल्यावर त्याला हे सुचलं होतं.

अ‍ॅकॉर्डियनला दोन्ही हात लागतात, त्यामुळे आधी सगळं वाचून पाठ करावं लागतं. मावशींचं बोट पहिल्या ओळीवर गेलं आणि थांबलं. मागे आलं. पुन्हा निघालं. मग ते सलग चालत राहिलं, ओळीमागून ओळ, पानाच्या तळापर्यंत, आणि तिथून पुन्हा वर. मध्येच एका जागी त्या खुदकन हसल्या. मावशींनी पान घडी करून ब्लाउजच्या आत ठेवलं, अ‍ॅकॉर्डियन खांद्यावर चढवलं आणि वाजवायला घेतलं.

वॉल्ट्झ निघाला तो एका पायानं. जिथे सूर थांबायला हवा तिथे पळत होता, जिथे पळायला हवा तिथे ठाण मांडून बसत होता. चाल जिन्यानं वर जातेय म्हणेपर्यंत खिडकीतून खाली उडी मारायची. ग्रोझदाननं तीन वेळा पायानं ताल धरला आणि तीन वेळा पाय उचलून खुर्चीखाली घेतला. बत्तीस घरं संपली तेव्हा बाहेर डॅन्यूब नदीवर बोटीचा भोंगा वाजला, तो त्यामानानं सुरात होता.

"अस्वस्थ करणारं," स्नेझिना मॅडम अखेर म्हणाल्या. "फार आधुनिक. त्सोन्का बाई, लिहिलंय बरोबर?"

"जसं लिहिलंय तसंच वाजवलं," मावशी म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. मॅडमनी दोब्रिनच्या प्रमाणपत्रावर 'विशेष प्रावीण्य' असं लिहायला घेतलं. मागून कोणी तरी म्हणालं, "तुमचे यजमान धाडसी होते हो!" आणि दुसरं कोणी तरी हळूच म्हणालं, "बँडमध्ये पण असंच वाजवायचे वाटतं."

दोब्रिननं खिशातला कागद टेबलाखाली उघडला. पहिला स्वर ग. मावशींनी सा वाजवला होता. दुसरा सा, तर त्यांनी ग. रे तिथे ध, प तिथे नी. एकटा म तेवढा जागेवर, गावात इमानदार उरलेल्या एकाच माणसासारखा. एका मात्रेचा स्वर दोन मात्रांचा झालेला, दोनचा एकाचा. आणि मग कॉफीचा वास नाकात आल्यासारखा त्याला तो क्षण आठवला. दोन गोष्टी होत्या. दोन! तो लिहिताना उजवीकडून डावीकडे गेला होता खरा, पण प्रत्येक आकृती सुलटीच काढत गेला होता. कागद पालटल्यावर सगळ्या आरशातल्या झाल्या.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. मावशी गप्प होत्या. मॅडम 'प्रावीण्य'मधला 'ण्य' काढत होत्या. फक्त स्तामेन, ज्यानं आयुष्यात एकदाच काही रचलं, तो आता व्हिदिनमध्ये कायमचा लंगडा ठरणार होता. तेही दोब्रिनच्या हस्ताक्षरात.

"थांबा," दोब्रिन म्हणाला. उभं राहताना त्यानं खुर्ची पाडली. "हा वॉल्ट्झ असा नाहीये. आकृत्या मी उलट्या करायच्या विसरलो. स्तामेननी चांगलाच लिहिलाय. गाढव मी आहे."

मॅडमनी पेन उचललं. "सगळ्या?"

"एकूण एक. चूक करण्यात सातत्य आहे."

"मग पास कसं करणार, दोब्रिन?" त्यांनी फार दुःखानं प्रमाणपत्राचे दोन तुकडे केले. "ऑक्टोबरमध्ये पुन्हा या."

बाकीचे घेवड्याच्या सूपकडे गेले. जाताना ग्रोझदाननं दोब्रिनच्या पाठीवर थाप मारली आणि आपलं प्रमाणपत्र, त्याला लागू नये अशा बेतानं, पण दिसेल अशा बेतानं, दुसऱ्या हातात धरलं. वर्गात दोघंच उरले.

"मावशी, चुकलो. अकरा वर्षांनी कोणी लिहून दिलं, आणि तेही—"

"तोंड कशाला उघडलंस पण?" मावशी करवादल्या. "छान चाललं होतं माझं. उलट्या आकृत्या म्हणे! आमच्या शाळेत पहिलीतली पोरं हीच चूक करायची. सा च्या जागी ग, रे च्या जागी ध. मला दुसऱ्या ओळीपर्यंत कळलं. पुढचं सगळं मी सुलटं करत वाचलं."

दोब्रिन खुर्ची शोधत खाली बसला. "म्हणजे खरा वॉल्ट्झ तुम्हाला—"

"दोनदा वाचला. पहिला सूर ते शेवटचा."

"मग वाजवलात का तो भयंकर?"

"मग काय करू? माझं पत्र तू चव्हाट्यावर आणलंस, आवाज कापवून कापवून. ते वाचून दाखवू चौदा मास्तरांना? देवानं तुझ्या हातून चूक करवली म्हणून माझी लाज राहिली. लोकांना लोकांचं वाजवलं, मला माझं मिळालं."

"पत्र तुमचं होतं, मावशी," दोब्रिन साधेपणानं म्हणाला. तीन दिवसांत हे त्याला पहिल्यांदाच जमलं होतं.

मावशींनी ब्लाउजमधून पान काढलं, मांडीवर पसरलं आणि बोटानं मोजत खाली गेल्या. "एक सांग. कागद काढ तुझा. वॉल्ट्झच्या प्रत्येक घरात तीन मात्रा असतात ना? सतराव्यात चार आहेत. ती चौथी तू घुसडलीस का?"

दोब्रिननं कागद उघडला. सतरावं घर. स्वर मोजले, पुन्हा मोजले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले. काळे, ठसठशीत, एकाला एक चिकटलेले चार.

"माझी नाही," तो म्हणाला. "त्यांचीच आहे."

"बघ नीट."

"चार आहेत, मावशी. शाईत चार आहेत."

मावशींचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग आला, आणि हसता हसता त्यांना अ‍ॅकॉर्डियनवर डोकं टेकावं लागलं. "नाचतानाही असाच," त्या धापा टाकत म्हणाल्या. "एक पाऊल जास्त! दर वेळी माझ्या पायावर. अठ्ठावीस वर्षं सांगत होते, अरे वॉल्ट्झ तीनचा असतो, स्तामेन, तीनचा. ऐकलं का बघ मेल्यानं."

दोब्रिननं पाटी पुढे ओढली, नवा कागद अडकवला. "आता नीट लिहून देतो. ते सतरावं घर दुरुस्त करू का?"

"हात लावून तर बघ," मावशी म्हणाल्या.