जिना नसलेली शाळा

नव्या शाळेचा रंग वाळला, मिस्त्रीने आपली शिडी काढून खांद्यावर टाकली आणि तो निघाला, तेव्हा कुठे मोठ्या बाईंच्या ध्यानात आलं की वरच्या मजल्यावरून खाली उतरायला जिनाच नाही.

आधी त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या फिरल्या. सामानाच्या खोलीचं दारसुद्धा उघडून पाहिलं, जणू कुणी जिना आत ठेवून विसरून गेलंय. शेवटी वरच्या फाटकातून बाहेर पडल्या, रस्त्याचं लांबलचक वळण उतरल्या आणि धापा टाकत खालच्या फाटकातून आत आल्या. इंजिनिअरसाहेब तिथे भिंतीवर टकटक करत उभे होते.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मी आत्ता माझ्याच शाळेतून माझ्याच शाळेत यायला रस्ता तुडवत आले."

साहेबांना नवल वाटलं नाही. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला तो त्यामुळेच.

शाळा उतारावर. वरचा मजला वरच्या आळीत उघडतो, खालचा खालच्या आळीत. या दोन आळ्यांचं कशावरून फाटलं होतं ते आता दोघींनाही धड सांगता येत नव्हतं, पण फाटलेलं मात्र नेमाने जपलं होतं. नकाशा पाहायलाही त्या एकत्र बसेनात, म्हणून साहेबांनी दोन बैठका घेतल्या. वरच्यांना वरच्या मजल्याचा नकाशा दाखवला. ते म्हणाले, हा जिना खोडा, खालची पोरं दिवसभर वर धावतील. साहेबांनी खोडला. खालच्यांना खालचा दाखवला. ते म्हणाले, या जिन्याने व्हरांडा खाल्ला, वरच्यांची बला आमच्या डोक्यावर कशाला? साहेबांनी तिथेही खोडला. काम चालू होतं तोवर मिस्त्रीच्या शिडीवरून सगळे चढत उतरत होते. बाईसुद्धा पदर खोचून चढल्या होत्या. जिना शेवटी होईल, असं त्या धरून चालल्या होत्या.

शहरात जागोजागी नव्या शाळा उभ्या राहत होत्या. शाळा आली की वस्तीही सुधारते, असं पालिकेचं म्हणणं. या दोन आळ्यांत दोन गळक्या पत्र्याच्या शाळा होत्या. त्यांच्या जागी एकच, धड, पक्की शाळा व्हावी म्हणून बाईंनी पालिकेचे उंबरठे झिजवले होते. आणि आता नगरसेवक हसत हसत सांगून गेले की फाटकं दोन आहेतच, तर शाळाही दोन जाहीर करू, मी दोन फिती कापतो. दोन्ही आळ्यांना जिना नकोच असेल, तर छत फोडायचं कुणासाठी? पावसाळी सुट्टीपर्यंत दोन्हीकडून मागणी आली तर बघू, नाहीतर जिन्याचा विषय कायमचा बंद.

घरी यजमान वाटाणे सोलत बसले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तुझ्या नशिबी शाळेतसुद्धा सासर वेगळं नि माहेर वेगळं."

बाई हसल्या नाहीत. कारण वरच्या आळीच्या पुढारी म्हणजे यजमानांच्याच थोरल्या भगिनी. बाई त्यांच्याकडे गेल्या, चहा प्यायल्या, मिनतवाऱ्या केल्या. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही शिकवा. जिन्यात पडू नका." खालच्या आळीत इस्त्रीवालीचा शब्द चाले. तिने इस्त्री न थांबवता सांगितलं की वरच्यांचं सांडपाणी आमच्या दारात येतं तेवढं पुरे. देव माणसाला तोंड देतो एकच, पण नाही म्हणायच्या तऱ्हा किती देतो, असं मनाशी म्हणत बाई परतल्या.

शाळा सुरू झाली. बाईंनी वर्ग लावले ते असे: लहान सगळे खाली, मोठे सगळे वर. कोण कुठल्या आळीचं, हे पाहिलंच नाही. लहानग्यांना मैदान जवळ हवं, हे कारण खरंच होतं. कुणाला तोंड उघडता येईना.

पण घरटी एक पोर वर नि एक खाली झालं. डबा ताईच्या दप्तरात, भुकेलं धाकटं खालच्या मजल्यावर भोकाड पसरून. आया, आज्या दिवसातून कितीदा ते वळण चढू उतरू लागल्या. सगळ्यात जास्त हेलपाटे बाईंचेच. गुडघे रात्री ठणकत, आणि त्या देवाला विचारत की ही शिक्षा नक्की कुणाला चाललीय. वन्सं नातवाला खाली सोडायला येत आणि दम खायला इस्त्रीवालीच्या ओट्यावर टेकत. पहिल्यांदा तोंड फिरवून. मग तिथे बसून दोघी बाईंना नावं ठेवू लागल्या.

सुट्टी तोंडावर आली तेव्हा दोन्ही आळ्यांचा घोळका बाईंच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत शिरला. नेमके साहेबही तिथेच होते.

"वहिनी, काही लाज?" वन्संनी सुरुवात केली. "म्हाताऱ्या माणसांना डोंगर चढायला लावता?"

"हिचे पाय लोखंडाचे समजलात का?" इस्त्रीवाली वन्संकडे बोट दाखवत म्हणाली. "जिना पाहिजे. आजच्या आज सांगा."

बाईंनी सगळ्या शिव्या खाल्ल्या. मग साहेबांकडे वळल्या. "ऐकलंत ना? दोन्हीकडून, एका दमात. जाऊन सांगा नगरसेवकांना, शाळा एकच राहील."

साहेबांनी मान डोलावली, खिशातून खडू काढला आणि विचारलं, जिना कुठे घ्यायचा?

वन्सं म्हणाल्या, आमच्या व्हरांड्यातून खाली उतरता घ्या. इस्त्रीवाली म्हणाली, ही कोण सांगणार? जिना खालून वर जातो, सुरुवात आमच्याकडून. घोळक्यात पुन्हा दोन बाजू पडल्या आणि आवाज चढले.

बाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांच्या हातातला खडू घेतला, खोलीबाहेर गेल्या आणि व्हरांड्याच्या मधोमध, गुडघा दाबत खाली बसून, फरशीवर एक भला मोठा चौकोन काढला.

"आधी हे फोडा," त्या म्हणाल्या. "वर जातो की खाली येतो, ते भांडण पायरीवर बसून करा."