भुताचे दात

“भूत उजळायचं ते कडेनं. पोट रिकामं सोडायचं. आणि हे बघ, कुणाच्या कामात काही खुपलं ना, तर आधी त्या माणसाला विचारायचं. मग फाइलीला हात लावायचा. विचारशील?”

“विचारीन, सर.”

ताईंना काम शिकवणाऱ्या सरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं पहिलं वाक्य ताईंना रोज आठवायचं, कारण त्यावर त्यांचं पोट होतं. आधी विचारायचं, हे मात्र त्यांनी सोयीनं मागे ढकललं होतं.

ताई अ‍ॅनिमेशनच्या कंपनीत कामाला होत्या. सध्या त्यांच्याकडे एक भूत होतं: शाळेची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचं, लांब कोटातलं. साबणाच्या फुग्यासारखं ते दिसायला हवं होतं. कडेला निळसर उजेड, मधून पलीकडची भिंत दिसावी. ऐकायला सोपं. पण माणूस पारदर्शक केला की त्याच्या आतलं सगळं बाहेर येतं. डोळ्यांचे गोळे, हिरड्या, दातांची अख्खी कवळी, कोटाचं अस्तर. म्हाताऱ्यानं घंटेकडे हात उचलला की छातीवर आलेल्या बाहीतून मागची छातीही दिसायची आणि तिथे दुप्पट उजेड साचायचा, छातीत ट्यूबलाइट बसवल्यासारखा. महिनाअखेरीच्या शुक्रवारी दिग्दर्शक बघणार होते. पसंत पडलं, तर सिनेमातली सगळी भुतं ताईंची.

आणि नेमकं आताच त्यांच्या फाइलीत कुणीतरी शिरत होतं.

पहिल्या दिवशी एक नवा लेअर, चित्रावर चढवलेला थर, दिसला. नाव होतं ‘माझं…’. ताईंच्या मनात पाल चुकचुकली. माझं? कुणाचं माझं? त्यांनी पुरावा म्हणून फाइलीची एक प्रत बाजूला ठेवली आणि तो लेअर पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. पुन्हा ‘माझं…’. तिसऱ्या दिवशीही तेच.

विचारायचं कुणाला हे उघड होतं. लेअर ताई येण्याआधीच पडलेला असायचा आणि सकाळी सहाला येऊन बसणारा एकच माणूस होता, सगळ्यांचे लेअर एकत्र जोडणारा. पहाटे येतो म्हणून त्याला सगळे कोंबडा म्हणायचे. बाराच्या ठोक्याला तो पिशवी उचलून निघून जायचा. ताई नऊला यायच्या, पण दुपारी बारापर्यंत त्यांचं मौन असे. आठ वर्षांपूर्वी या जिभेनं सख्ख्या बहिणीचं मन दुखावलं होतं, तेव्हा धरलेलं व्रत. मोडलं नव्हतं एकदाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे सकाळी त्यांच्याशी कुणी बोलायला जात नसे. तर ताई बोलू लागायच्या आणि कोंबडा जिना उतरत असायचा.

“ताई, तुमचं भूत रोज सकाळी बारीक होतंय की,” रंगाचं काम करणारी एका दुपारी म्हणाली. “डाएटवर ठेवलंय का?”

“कुणीतरी त्याच्यावर हात फिरवतंय.”

“कोण? कोंबडा?” तिनं खुर्ची जवळ ओढली. “तरीच! बारा वाजले की पळतो कुठे? माझी वहिनी म्हणते, दुसरीकडे पण कामं करत असेल. तुमचं भूत नेऊन विकेल हो एक दिवस!”

ती हसली. ताईंना हसू आलं नाही. त्यांना आता सगळीकडे पाणी मुरताना दिसू लागलं. तो आपल्या टेबलावरून जाताना मान का खाली घालतो? परवा स्क्रीनकडे बघून थांबला होता, तो का?

अकराव्या दिवशी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. कंपनीचा कारभार त्याच बघत.

“माझ्या कामावर स्वतःचं नाव घालतोय तो.”

“पुरावा आहे?”

“अकरा प्रती आहेत.”

“मग उद्या मला त्या नावाचा फोटो पाठव. बाराला मी त्याला बोलावते. खरं निघालं तर त्याचा तो शेवटचा दिवस.”

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ताई पहिली प्रत उघडून फोटो घ्यायला बसल्या. नावांची पट्टी अगदी अरुंद होती. चित्र मोठं दिसावं म्हणून त्यांनीच ती वर्षानुवर्षं आवळून ठेवली होती. फोटोत नाव नीट यावं म्हणून त्यांनी तिची कड धरून पट्टी रुंद केली.

‘माझं चुकलं तर पुसा ताई.’

त्यांनी दुसऱ्या दिवसाची प्रत उघडली. ‘माझं जमलं नाही वाटतं, पुन्हा केलं.’ पाचवी. ‘माझं ऐकाल तर सगळ्यात पुढचा पृष्ठभाग तेवढाच दाखवा, मागचं झाकलं की बाही ठीक होते.’ अकरावी. ‘माझं मेलं डोकं, दात अजून दिसतात. सरांकडून हे शिकायचं राहूनच गेलं हो, आजारी आईला व्यायाम करवायची वेळ झाली की मी पळायचो.’

ताईंनी अकराव्या प्रतीतलं भूत चालवून बघितलं. म्हाताऱ्यानं हात उचलला. छातीवर एकच उजेड होता, मऊ, बाहीच्या कडेनं वाहणारा. तोंड उघडलं तेव्हा मात्र आत दोन दात चमकले. अकरा दिवस तो ते दात काढत होता आणि ताई रोज नऊला त्याचं काम पुसत होत्या.

सरांनी त्यालाही शिकवलं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. विचारलंच कुठे होतं?

त्यांनी मोठ्या बाईंना मेसेज टाकला: ‘त्याला बोलावू नका. चूक माझी.’ पण मोठ्या बाई दिग्दर्शकांबरोबर आत होत्या आणि त्यांचा फोन बाहेरच्या टेबलावर थरथरून गप्प झाला. बारा वाजता कोंबडा पिशवी घेऊन, काही माहीत नसताना, त्या खोलीत जाणार. घरी आई वाट बघणार.

एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिता आल्या असत्या. अकरा दिवसांतल्या कुठल्याही सकाळी लिहिता आल्या असत्या, मौन न मोडता. हे ध्यानात आलं आणि ताईंना फार शरम वाटली. कुणाचं मन दुखवू नये म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरली आणि त्याच गुळणीआड बसून त्यांनी एका माणसाची भाकरी हिरावायची तयारी केली होती.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला बारा मिनिटं होती. आता चिठ्ठी पुरणार नव्हती. ताईंनी डोळे मिटून मनातल्या मनात हात जोडले, क्षमा मागितली. मग खुर्ची आवाज न करता मागे सरकवली. रंगवालीनं मान वर केली.

पार्टिशनच्या पलीकडे कोंबडा मान खाली घालून पिशवीची चेन लावत होता. ताई तिकडे चालू लागल्या. त्यांनी घसा हळूच खाकरून मोकळा केला.