दोनांतला बरा कौल

सीईटीच्या पहिल्या खेपेला किशोरीला अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल पडले. कसालपलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तेवढ्यावर जागा मिळण्यासारखी होती आणि तिला तीच हवी होती. अभ्यासाने ती इतकी शिणली होती की स्वप्नातसुद्धा चार पर्याय दिसत, आणि त्यांतला एकही झोपेचा नसे.

पण परीक्षा दोनदा द्यायची सोय होती. कॉलेजवाले दोन्ही गुणांची सरासरी काढतील, म्हणजे बाबा घाबरतील, अशी तिला आशा होती. बाबा, म्हणजे मालवणात पर्यटकांना दोन खोल्या देणारे जितेंद्र, कॉलेजात चौकशीला गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "दोन्हींतले जास्त असतील ते धरतात. कमी आलेल्यांचं कुणी विचारत नाही."

ही सवलत ऐकून किशोरीने उशी डोक्यावर ओढली.

"कमी पडले तरी पयले आसतच मा," बाबा म्हणाले. "तुका काय जाता?"

काय जातं ते सांगायचंही तिच्यात त्राण नव्हतं. ती म्हणाली, "देवाक विचारूया."

देवळात गंगाराम गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. परत परीक्षेला बसावं का, असा प्रश्न. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. किशोरीने मनोभावे हात जोडले.

"परत लावा," बाबा म्हणाले. "पयल्या वेळाक फॅन चालू होतो."

फॅन बंद झाला, उजवी पडली. किशोरी दुसऱ्यांदा परीक्षेला बसली. चौऱ्याऐंशी पडले. कॉलेजच्या दृष्टीने काहीच घडलं नाही. तिचा महिना मात्र गेला.

बाबा खचले नाहीत. "यंदा ॲडमिशन नको. वर्सभर अभ्यास कर, पुढच्या वर्साक परत दोन चान्स."

त्यासाठी पुन्हा देऊळ. यंदा थांबावं का, असा प्रश्न. उजवी पडली. बाबांचा चेहरा खुलला.

"आता दुसरो कौल लावा, गुरवकाका," किशोरी म्हणाली.

"कशाक गो? उजवो गावलो मा," बाबा म्हणाले.

"त्या वेळाक दोन लावलास. दोनांतलो बरो तो धरूचो, असो नियम आसा."

"नियम कॉलेजाचो."

"मगे त्या वेळाक देवळात कित्याक लावलास?"

गुरवांनी जांभई देत पाकळ्या पुन्हा लावल्या. फॅन त्यांनी आपणहून बंद केला. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पडली.

"एक उजवो, एक डावो," गुरव म्हणाले. "खंयचो बरो ता तुमी बघा. माका निवेद दाखवचो आसा."

"तिसरो लावा."

"तिसरो चान्स नसता, बाबा."

बाबांनी दोन वेळा तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं घरात रोज दिसत होती, पण तिथे ती दिव्याच्या सावलीवर ढकलता येत. इथे भर दुपार होती.

दोघं देवळाबाहेर आली. बाबांनी मोटारसायकलला दोनदा किक मारली, ती तिसऱ्यांदा सुरू झाली. तीन रस्ते फुटतात त्या तिठ्यावर बाबांनी गाडी हळू केली.

"त्या कसालच्या कॉलेजाक," बाबा म्हणाले, "मालवणातसून सकाळची एसटी किती वाजता आसा?"

किशोरी बाबांच्या पाठीला डोकं टेकून झोपली होती.